‘बसवून टाका’ या सल्ल्याविरुद्ध

पुण्याहून, मुंबईहून किंवा हैदराबादहून मागवलेला गाडीचा पार्ट सोलापुरात पोचतो तेव्हा खोक्याचा कोपरा दबलेला असतो, आतल्या हेडलाइटचा एखादा कान तुटलेला असतो, रेडिएटरच्या पत्र्या वाकलेल्या असतात. याचे आता कुणाला नवल वाटत नाही. नवल वाटावे ते त्यानंतर मिळणाऱ्या सल्ल्याचे. विक्रेता फोनवर म्हणतो, हजार-दीड हजार कमी करतो, ठेवून घ्या. गॅरेजवाला म्हणतो, मी करतो काहीतरी, चालतंय की. शेजारी म्हणतो, परत पाठवण्यात आठवडा जाईल, त्यापेक्षा बसवून टाका. तीन तोंडांतून येणारा हा एकच सल्ला इतका व्यवहारी वाटतो की त्याला नाही म्हणणारा माणूस हट्टी ठरतो, नाहीतर कायद्याचा किडा. मला त्या सल्ल्याचाच प्रतिवाद करायचा आहे. तो सगळ्याच पार्टांच्या बाबतीत चुकतो असे माझे म्हणणे नाही. कुठे तो बरोबर आहे तेही पुढे येईलच. पण तो ज्या हिशेबावर उभा आहे तो हिशेब खोटा आहे. मोडतोड किती दिसते आणि सवलत किती मिळते, एवढे दोन आकडे समोरासमोर ठेवायचे आणि निर्णय घ्यायचा, असे हा सल्ला सांगतो. निर्णय ज्यावर ठरायला हवा ती गोष्ट या दोन्ही आकड्यांत येत नाही. त्या पार्टाकडे गाडीत कोणते काम आहे, आणि ते काम तो नीट करील की नाही हे बसवण्यापूर्वी इथे कुणाला तपासता येते का, हा खरा प्रश्न आहे.

सवलतीचे गणित कुठे चालते ते आधी पाहू. सोलापुरी चादरीच्या काठाचा धागा सुटला असेल तर दुकानदार किंमत कमी करतो आणि गिऱ्हाईक ती आनंदाने घेते, कारण दोष जेवढा, तेवढाच उपयोग कमी होतो. धागा सुटलेली चादर थंडीत तेवढीच ऊब देते. गेले असेल ते थोडे रूप, आणि रुपाचे पैसे वळते झाले. गाडीच्या कितीतरी पार्टांत दोष आणि उपयोग यांचे असे सरळ प्रमाण नसते. ब्रेकच्या डिस्कला बारीक तडा असेल तर ती नव्वद टक्के ब्रेक लावणार आणि दहा टक्के नाही, असे होत नसते. ती काही महिने पूर्ण काम करील आणि एके दिवशी मुळीच करणार नाही. अशा पार्टावर दहा टक्के सवलत म्हणजे नेमकी कशाची भरपाई? विक्रेता किंमत कमी करतो तेव्हा तो दोषाचा भाव ठरवत असतो, आणि जो दोष त्याने पाहिलेला नाही, तुम्हीही पाहू शकत नाही, त्याचा भाव दोघांपैकी कुणालाच ठरवता येत नाही. तरी आकडा ठरतो, कारण तो एका फोनवर मिटवून मोकळे होण्याचा आकडा असतो. त्याचा त्या लोखंडाशी काही संबंध नसतो.

आता एकेक पार्ट हातात घेऊन पाहू, कारण या वादात मोघम बोलूनच घोटाळा होतो. चाकाचे बेअरिंग घ्या. आजच्या बहुतेक मोटारींत ते दोन्ही बाजूंनी सीलबंद येते. आतल्या गोळ्या आणि त्या ज्या खोबणीतून फिरतात ती वाट बाहेरून दिसतच नाही. खोके उंचावरून आपटले तर त्या कडक गोळ्या खोबणीत सूक्ष्म खळगे पाडतात. हातात घेऊन फिरवले तर बेअरिंग गुळगुळीत फिरते, बसवल्यावरही काही काळ गप्प राहते, आणि मग चाकातून घरघर सुरू होते. म्हणून तर जाणता मिस्त्री नवे बेअरिंग बसवताना थेट हातोडी मारत नाही, प्रेसवर दाबतो. ज्या पार्टाला तो स्वतः हातोडीचा एक ठोका द्यायला धजत नाही, तोच पार्ट ट्रकमधून आपटत आलेला असताना ‘चालतंय की’ म्हणून बसवायचा, ही विसंगती त्याच्याच हाताखाली घडते. ब्रेकची डिस्क बहुधा करड्या बिडाची असते. बीड दाबाला दणकट, पण ताणाला आणि धक्क्याला कच्चे. तिची बैठक वाकडी झाली आहे का, हे मिलिमीटरच्या शतांशांत मोजावे लागते. त्याला डायल गेज लागते, आणि किती गॅरेजांत ते काढून लावले जाते हे गाडी असणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. शॉक अ‍ॅब्झॉर्बरचा दांडा केसभर वाकला असेल तर तो आत-बाहेर होताना दर वेळी तेलाचे सील एका बाजूने घासतो. गळती दिसते ती दोन-तीन महिन्यांनी, म्हणजे परतीची मुदत उलटून गेल्यावर. एक्झॉस्टमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आत चिनी मातीच्या जातीची जाळीदार वीट असते. बाहेरच्या पत्र्याला पोचा नसला तरी ती आत फुटलेली असू शकते.

रेडिएटरचे उदाहरण तर सोलापूरकराने विशेष ध्यानात घ्यावे. वाकलेल्या पत्र्या पाहून गिऱ्हाईक घाबरते, आणि मिस्त्री त्या कंगव्याने सरळ करून दाखवतो तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडतो. पण पत्र्या वाकणे हा त्यातला सर्वांत निरुपद्रवी दोष आहे. आजच्या रेडिएटरच्या दोन्ही टोकांना प्लास्टिकच्या टाक्या असतात आणि त्या अ‍ॅल्युमिनियमच्या गाभ्यावर कडा मुडपून बसवलेल्या असतात. आपटल्यावर तडा जातो तो त्या कडेला किंवा पाइप जोडायच्या तोंडाशी. गाडी थंड असताना तिथून थेंबही येत नाही. इंजिन तापले की आतले पाणी हवेच्या दाबापेक्षा जवळजवळ दुप्पट दाबाखाली जाते, आणि तो तडा उघडतो तेव्हाच. एप्रिल-मेमध्ये जिथे पारा चाळिशीच्या वर जातो, तिथे रेडिएटरची खरी परीक्षा गॅरेजच्या सावलीत होत नाही. ती भर दुपारी महामार्गावर एसी लावून चाललेल्या गाडीत होते. म्हणजे डोळ्यांना जे मोठे दिसते ते किरकोळ, आणि जे घातक ते दिसतच नाही. जो सल्ला दिसणाऱ्या मोडतोडीवरून सवलत मोजतो, तो इथे नेमका उलटा चालतो.

यावर कुणी म्हणेल, हा अतिरेकी सावधपणा झाला. प्रत्येक दबलेल्या खोक्यात तडा थोडाच असतो? नसतोच. पण हा प्रश्न वाहन उद्योगाने कधीच सोडवला आहे, आणि त्याचे उत्तर शोधायला सोलापूरकराला लांब जायला नको. चिंचोळी आणि अक्कलकोट रोड या आपल्या औद्योगिक वसाहतींत मोटारींचे सुटे भाग बनतात. १९९२ साली सुरू झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही इथलीच कंपनी. तिच्या कॅमशाफ्ट जनरल मोटर्स, फोर्ड, ह्युंदाई यांच्या इंजिनांत बसल्या आहेत. मोटार कंपन्या जगभर आपल्या पुरवठादारांकडून जे गुणवत्ता-मानक मागतात ते आयएटीएफ १६९४९, आणि त्याच्या २०१६ च्या आवृत्तीत एक सरळ नियम आहे: ज्या मालाची अवस्था अनोळखी किंवा संशयास्पद आहे तो नापास माल समजूनच वेगळा ठेवायचा. तो खराब असल्याचे सिद्ध व्हावे लागत नाही. चांगला असल्याचे सिद्ध होईपर्यंत तो पुढे जात नाही. सिद्ध करण्याचा भार पार्टाच्या बाजूला, शंकेच्या बाजूला नाही. या मानकाखाली चालणाऱ्या कारखान्यात पार्ट हातातून जमिनीवर पडला तर कामगार तो पुसून परत रांगेत ठेवत नाही. तो नापास मालाच्या पेटीत जातो, आणि तिथून बाहेर निघाला तर तपासणी होऊनच निघतो. हा कारखानदाराचा लाड नाही. एका पार्टाची किंमत आणि तो इंजिनात गेल्यावर होणारे नुकसान यांचा हिशेब त्याने मांडलेला असतो. जो नियम त्या पार्टाला कारखान्याच्या दारापर्यंत लागू होता तो ट्रकमध्ये चढल्यावर का संपावा? तपासणीची सगळी यंत्रे हाताशी असलेला कारखाना शंका आली की पार्ट थांबवतो, आणि ज्याच्याकडे डोळ्यांपलीकडे काही नाही त्या गिऱ्हाइकाला मात्र आपण सांगतो की बसवून टाका.

म्हणून माझी कसोटी अशी आहे. ज्या पार्टावर भार येतो, दाब येतो किंवा ज्याचे माप चुकून चालत नाही, तो वाहतुकीत आपटल्याची खूण दिसली की परत करावा, मोडतोड दिसो वा न दिसो. ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन, बेअरिंग, कूलिंग, एअरबॅग हे सगळे त्यात आले. ज्या पार्टाचे काम मुख्यतः झाकण्याचे आणि दिसण्याचे आहे, तो ठेवून घ्यायला माझी हरकत नाही. बंपरचेच पाहा. तो बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा असतो, पोचा गरम हवेने वर येतो, ओरखडा तर रंगाखाली जाणारच असतो. पार्ट मुळात बिनरंगाचा आला असेल तर त्यावरच्या ओरखड्यासाठी तो पुण्याला परत धाडणे हा हट्टच म्हणावा लागेल. मडगार्डच्या पत्र्याची कड किंचित वाकली असेल तर डेंटिंगवाला ती मिनिटांत काढतो. इथे सवलत घ्यावी, खुशाल घ्यावी; फक्त ती लेखी घ्यावी, क्रेडिट नोटच्या रूपात. फोनवर कबूल केलेली सवलत पुढच्या ऑर्डरमध्ये ‘अ‍ॅडजस्ट’ होते आणि ती पुढची ऑर्डर कधी येत नाही.

दोन्हींच्या मध्ये हेडलाइट बसतो, आणि सर्वांत जास्त वाद होतात तेही त्याच्यावरूनच. काच नावाचा जो भाग आपण म्हणतो तो हल्ली पॉलिकार्बोनेटचा असतो, सहसा फुटत नाही; तुटतात ते मागचे कान, ज्यांत स्क्रू बसतो. प्लास्टिक वेल्डिंगने किंवा गोंदाने कान जोडून मिळतो, काही कंपन्यांचे जोडकानही मिळतात. जोडायला काय हरकत आहे, असे विचारले जाते. मला आहे, आणि ती दिसण्याची नाही. हेडलाइटचा कान त्याला नुसता धरून ठेवत नाही, त्याचा रोखही ठरवतो. जोडलेला कान मिलिमीटरभर सरकला किंवा खड्ड्यांत हलू लागला तर डिपरचा झोत वर उचलला जातो. रात्रीच्या हैदराबाद रस्त्यावर त्याची किंमत समोरून येणारा दुचाकीवाला चुकती करतो, ज्याने ना ती सवलत घेतली ना तो पार्ट पाहिला. कंपनीचा तयार जोडकान मिळत असेल, तो मूळ भोकांवर चोख बसत असेल आणि नंतर झोत भिंतीवर तपासून घेतला जाणार असेल, तर मी हेडलाइट ठेवून घेणाऱ्याला दोष देणार नाही. नुसत्या गोंदावर भिस्त असेल तर परत.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. गाडी उभी राहते त्याचे काय? पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर या फेऱ्यांवर ज्याचे घर चालते, त्या टॅक्सीवाल्याला चार दिवस गाडी उभी ठेवा असे लेख लिहिणाऱ्याने सांगणे सोपे आहे. आक्षेप खरा आहे आणि त्याला हसून बाजूला सारता येत नाही. पण तो नेमके काय सिद्ध करतो? वेळेची किंमत मोठी आहे, एवढेच. मग ती दोन्ही बाजूंनी धरा. शंकास्पद रेडिएटर आज बसवला आणि महिन्याने भरल्या गाडीत फुटला तर चार दिवस जातातच. वर टोइंग, प्रवाशांना दुसरी गाडी करून देणे, मजुरी पुन्हा, कूलंट पुन्हा, आणि इंजिन तापून हेड वाकले असेल तर त्या खर्चापुढे रेडिएटरची किंमत चिल्लर. ज्याची रोजी गाडीवर आहे त्याला नको त्या दिवशी बंद पडणारी गाडी सर्वांत महाग पडते. त्याने उलट अधिक काटेकोर असायला हवे. घाई असेल तर दुसरा मार्ग आहे: नवा पार्ट त्याच दिवशी शहरातल्या दुकानातून चार पैसे जास्त देऊन घ्यावा आणि आलेला परत लावावा. त्याला आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा लागू नाही हे खरे, पण स्वयंरोजगारातून केवळ उपजीविका करण्यासाठी स्वतः वापरलेली वस्तू त्या अपवादात मोडत नाही, असे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या व्याख्येतच लिहिले आहे. स्वतःची एक गाडी स्वतः चालवणारा माणूस त्या कायद्याने ग्राहक आहे.

दुसरा आक्षेप विक्रेत्याच्या बाजूचा, आणि तो मला अधिक प्रामाणिक वाटतो. माल मी चांगला दिला, मोडला ट्रान्सपोर्टवाल्याने. माझा काय दोष? १९३० च्या मालविक्री कायद्यात त्याला आधारही आहे. विक्रेत्याने माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की सकृद्दर्शनी तो खरेदीदारालाच दिल्यासारखा आहे, असे त्याचे कलम ३९ म्हणते. पुण्यातल्या होलसेलवाल्याकडून बिल्टीवर माल मागवणाऱ्याने हे ध्यानात ठेवावेच. पण त्याच कलमाचा पुढचा भाग विक्रेते वाचत नाहीत: मालाचे स्वरूप पाहून वाजवी असा वाहतुकीचा करार करणे हे विक्रेत्याचे काम आहे, ते त्याने केले नाही आणि माल वाटेत खराब झाला, तर खरेदीदार ती सुपूर्दगी नाकारू शकतो किंवा विक्रेत्याला भरपाईला जबाबदार धरू शकतो. रेडिएटर एका पुठ्ठ्यात गुंडाळून लोखंडी पाट्यांच्या गठ्ठ्याखाली ट्रकमध्ये टाकायला देणे ही वाजवी व्यवस्था आहे का, याचे उत्तर द्यायला वकील लागत नाही. शिवाय पॅकिंग कुणी केले? ट्रान्सपोर्टवाल्याने नव्हे. खोके कसे भरायचे, आत थर्माकोल घालायचा की वर्तमानपत्र, हे ठरवणारा एकच माणूस असतो, आणि नुकसानीचा भार त्याच्यापर्यंत पोचला नाही तर पुढचे खोकेही तसेच निघणार.

वाहतूकदाराकडून काय मिळते तेही पाहून ठेवा, कारण ‘त्यांच्याकडे क्लेम करा’ हे उत्तर फार सहज दिले जाते. २००७ च्या रस्ता माल वाहतूक कायद्यानुसार आणि त्याखालच्या २०११ च्या नियमांनुसार, मालाची जास्त किंमत बुकिंगच्या वेळी जाहीर केली नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरतीच असते. समजा पार्ट नऊ हजारांचा आणि भाडे दोनशे रुपये. मिळणार फार तर दोन हजार. त्यातही दावा लावण्यापूर्वी लेखी नोटीस द्यावी लागते, तीही बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत. किंमत जाहीर करणे विक्रेत्याच्या हातात होते, बुकिंग त्यानेच केले होते, वाचलेले जादा भाडे त्याच्याच खात्यात राहिले. ही काटकसर करून झाल्यावर दोष ट्रकचा म्हणणे, हे मला तरी पटत नाही. ट्रॅव्हल्सच्या डिकीतून बिनपावतीचा पार्ट आला असेल तर एवढाही आधार राहत नाही, आणि ती सोय मागणारे आपणच असतो, हे कबूल करावे लागेल.

ऑनलाइन घेतलेल्या पार्टाला मात्र विक्रेत्याचा हा बचाव फारसा उरत नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम जुलै २०२० पासून लागू आहेत. सदोष किंवा ठरल्याप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही, असे ते स्पष्ट सांगतात. दुकानाच्या बिलावर परतीची मुदत लिहिलेली नसेल तर सदोष माल तीस दिवसांत परत न घेणे ही २०१९ च्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही बिलाखालची ओळ सदोष मालाच्या बाबतीत कुणाचा हक्क काढून घेत नाही. आणि परत पाठवण्याच्या ज्या कटकटीची भीती घातली जाते तिच्याबद्दल मालविक्री कायद्याचे कलम ४३ काय म्हणते ते ऐका: नाकारण्याचा हक्क असलेल्या खरेदीदाराने माल नाकारला तर, वेगळे ठरले नसेल तेव्हा, तो परत पोचवणे त्याच्यावर बंधनकारक नाही, नाकारल्याचे विक्रेत्याला कळवले की पुरे. म्हणजे परतीची हमाली मुळात तुमची नाही. ती तुमची आहे असे गृहीत धरून आठवडाभराचा हिशेब मांडणारा सल्ला आपले निम्मे भांडवल इथेच गमावतो.

या कायद्यात एक धार दुसऱ्या बाजूलाही आहे, आणि ‘बसवून टाका’ म्हणणारे तीच लपवतात. माल तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत तुम्ही तो स्वीकारला असे होत नाही. नुसती डिलिव्हरीची सही म्हणजे स्वीकार नव्हे. पण तो अजून विक्रेत्याचाच आहे या समजुतीशी न जुळणारे काही तुम्ही त्याचे केले, किंवा काही न कळवता वाजवी काळापलीकडे ठेवून घेतला, तर स्वीकार झाला. कान वेल्डिंग करणे, पत्र्या सरळ करणे, पार्ट गाडीत बसवणे, हे सगळे त्यात येते. स्वीकार झाला की नाकारण्याचा हक्क संपतो आणि उरते ती नुकसानभरपाईची मागणी, जी सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर. कंपनीच्या वॉरंटीतूनही आपटून झालेले नुकसान बहुधा वगळलेले असते. म्हणजे दीड हजारांच्या सवलतीत तुम्ही विकता काय? परतीचा हक्क, वॉरंटी आणि पुढच्या वादातली भक्कम बाजू, एवढे सगळे. या भावात विक्रेता खूश असला तर त्यात आश्चर्य नाही.

गॅरेजवाल्याबद्दलही दोन शब्द लिहायलाच हवेत, कारण सोलापुरात बहुतेक पार्ट गाडीमालक मागवतच नाही, मिस्त्री मागवतो. तेव्हा पुण्याच्या दुकानदाराचा गिऱ्हाईक मिस्त्री असतो आणि तुमचा विक्रेता मिस्त्रीच. त्याला पुण्याहून मिळालेली सवलत तुमच्या बिलात उतरते का? अनेकदा उतरत नाही, आणि जोडलेला पार्ट नव्याच्या भावात लागतो. त्याच्या हातच्या कौशल्याबद्दल मला आदर आहे. आपल्या शहरात गाड्या वीस-वीस वर्षे चालतात त्या त्याच्या हातामुळे. पण जुना, चालत असलेला पार्ट दुरुस्त करून आयुष्य वाढवणे वेगळे, आणि नव्याचे पैसे घेऊन आपटलेला पार्ट दुरुस्त करून बसवणे वेगळे. पहिल्यात कसब आहे. दुसऱ्यात गिऱ्हाइकाला न विचारता त्याच्या वतीने घेतलेला धोका आहे. म्हणून पार्ट कुणीही मागवला तरी खोके आपल्यासमोर उघडायला सांगावे आणि बिल त्या पार्टाच्या नंबरासह मागावे.

दुसराही पार्ट तसाच मोडून आला तर? येऊ शकतो. पण परत गेलेल्या पहिल्या पार्टाने विक्रेत्याला काही शिकवले नसेल तर ठेवून घेतलेला पार्ट शिकवील, असे कोण म्हणेल? दुसऱ्या खेपेला लाकडी चौकट मागा, किंमत जाहीर करून बुक करायला सांगा, नाहीतर पैसे परत मागून खरेदीच मोडा. परत गेलेला माल भंगारात जातो आणि नासाडी होते, हा आक्षेप मला मान्य आहे. झाकणाच्या पार्टांना मी वर सूट दिली त्यात हेही एक कारण होते. ब्रेकच्या डिस्कबाबत मात्र भंगारच तिची योग्य जागा आहे, आणि तिथवर ती तुमच्या गाडीतून जाऊ नये. उरला तो फसवणुकीचा आक्षेप: लोक नव्या खोक्यात जुना पार्ट घालून परत पाठवतात. पाठवतात, आणि अशा लबाडांमुळेच विक्रेते खोके उघडतानाचा व्हिडिओ मागतात. ई-कॉमर्स नियमांत अशी अट कुठे नाही. तरी व्हिडिओ करावा. लबाडाला जो त्रासदायक वाटतो तो पुरावा सरळ माणसाच्या उपयोगाचाच असतो. खोक्याच्या सहाही बाजू, लेबल, सील आणि मग आतला पार्ट, एका सलग चित्रणात.

डिलिव्हरी देणारा घाईत असतो, असू द्या. खोके दबलेले असेल तर बिल्टीवर किंवा पावतीवर ‘खोके दबलेले, माल न तपासता घेतला’ एवढे लिहूनच सही करा, आणि नाकारायचा असेल तर त्याच दिवशी विक्रेत्याला लेखी कळवा. व्हॉट्सअ‍ॅप चालेल, ईमेल त्याहून बरा. तेवढ्याने भागले नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्याच्याही पुढे जायचे तर दुकान पुण्याचे असो की दिल्लीचे, तक्रार तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. दोन वर्षांची मुदत आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला एक रुपयाही फी लागत नाही.